चकलीच्या जेवणाचा सेट: चिमटा घ्या, डबा राहू द्या

चकली म्हणजे आमच्या लेकीचा कॉर्न स्नेक जातीचा पाळीव साप. मादी आहे, बिनविषारी, रंगाने खरंच तळलेल्या चकलीसारखी. तिच्यासाठी इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला तीन वस्तूंचा 'फीडिंग सेट' घेतला: तीस सेंटिमीटरचा स्टीलचा चिमटा, झाकणाला भोकं असलेला प्लॅस्टिकचा डबा आणि तिच्या पेटीच्या काचेला चिकटवायची तापमानपट्टी. पैसे वसूल झाले ते चिमट्यात.

साप वासावर आणि हालचालीवर झेपावतो. हाताला उंदराचा वास असला तर त्याला बोट काय आणि उंदीर काय! चिमट्यामुळे हात लांब राहतो. गोठवलेला मेलेला उंदीर वितळवून घ्यायचा, चिमट्याने त्याच्या कमरेच्या मागच्या बाजूला धरायचा, डोकं सापाकडे, जरासा हलवायचा. चकलीने झडप घालून विळखा मारला की लगेच पकड सोडायची. ओढाताण केली तर तिचं तोंड स्टीलवर आपटतं. या चिमट्याची स्प्रिंग मऊ आहे, त्यामुळे लेकीलाही तो सहज धरता येतो. तक्रार एकच. टोकांवरची रबरी टोपणं सैल होती. उंदराबरोबर एखादं पोटात गेलं तर काय घ्या! मी ती उपटून फेकली, खालची टोकं गुळगुळीत आहेत ना हे बोट फिरवून पाहिलं आणि मगच चिमटा वापरायला काढला.

डब्याचं मात्र काही खरं नाही. सोबतचं पत्रक सांगतं की दर जेवणाला सापाला या डब्यात हलवा, नाहीतर तो पेटीत हात घातला की चावायला शिकेल. हा सल्ला जुना आहे. पोट भरलेल्या सापाला उचलून परत पेटीत ठेवायचं म्हणजे खाल्लेलं बाहेर काढायला लावण्यासारखंच, आणि सापाला उलटी होणं साधी गोष्ट नाही. त्यानंतर दहा-बारा दिवस उपाशी ठेवून मग लहान घास द्यावा लागतो. आम्ही पेटीतच खायला घालतो, सपाट फरशीच्या तुकड्यावर, म्हणजे खालचा लाकडी भुसा तोंडात जात नाही. नंतर दोन दिवस तिला कुणी हात लावायचा नाही. एरवी बाहेर काढताना आधी कागदाच्या नळीने अंगाला हलकेच स्पर्श करतो. नळी लागली म्हणजे आज जेवण नाही, हे तिला आता पाठ झालंय. डबा पेटी धुताना तिला बसवायला कामी येतो, तेवढाच.

तापमानपट्टी तर बिनकामाची. ती काचेचं तापमान दाखवते. सापाला पचनासाठी ऊब लागते, म्हणून उबदार बाजूला २८ ते ३० अंश हवेत, आणि ते मोजायला वायरवाला डिजिटल थर्मामीटरच हवा.

पत्रकात जे नाही आणि असायला हवं होतं, ते वितळवण्याबद्दल. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे या बाबतीत घरात माझं चालतं. गोठवल्याने सॅल्मोनेला हा अन्नातून विषबाधा करणारा जंतू मरत नाही. म्हणून उंदीर गॅरेजमधल्या वेगळ्या छोट्या फ्रीजमध्ये, झाकणाच्या डब्यात, रात्रभर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी झिपच्या पिशवीत घालून गरम पाण्यात, पण ते पाणी स्वयंपाकघरातल्या पातेल्यात नाही. मायक्रोवेव्ह तर नकोच: एक बाजू शिजते, दुसरी गोठलेलीच राहते, कधी पोटही फुटतं. उरलेला उंदीर परत गोठवायचा नाही. हात साबणाने धुवायचे आणि चिमटा उकळत्या पाण्यातून काढायचा. उंदीर सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढा असला की पुरे. आणि जिवंत उंदीर घालू नका. कोपऱ्यात सापडलेला उंदीर सापाला चांगलाच चावतो. शिवाय इथली दुकानं खाद्याचे उंदीर गोठवलेलेच विकतात.

सासूबाई व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारतात, "अगं, दूध देत नाहीस का तिला?" नाही आई, साप दूध पीत नाही, नागपंचमीलाही नाही. आणि भारतातल्या वाचकांनी माझं पाहून धामण किंवा नाग घरात आणू नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो गुन्हा आहे.

चिमट्याला पाचपैकी चार, डब्याला एक, पट्टीला शून्य. चिमटा सुटाही मिळतो आणि सेटपेक्षा बराच स्वस्त पडतो. घेताना टोपणं ओढून बघा.