वॅट नव्हे, ल्युमेन: 9 वॅटच्या एलईडी दिव्यांचा दहा महिन्यांचा अनुभव

बैठकीच्या खोलीत मी आधी बसवलेले दोन एलईडी दिवे 9 वॅटचे होते आणि आताचे दोनही 9 वॅटचेच आहेत. तरीही आता त्याच खोलीत, त्याच खुर्चीत बसून वर्तमानपत्रातला बारीक मजकूर विनासायास वाचता येतो. या फरकाचे कारण खोक्याच्या मागच्या बाजूला लहान अक्षरांत छापलेले होते. जुन्या दिव्यांवर 720 ल्युमेन असे लिहिलेले होते, तर नव्यांवर 1055. पहिल्या खरेदीच्या वेळी मी तो आकडा पाहिलाच नव्हता.

वॅट हे दिवा किती वीज घेतो याचे माप आहे. तो किती प्रकाश देतो हे ल्युमेन सांगतात. तारेच्या जुन्या बल्बच्या काळात ही दोन मापे एकमेकांना इतकी बांधलेली होती की साठचा बल्ब म्हटले की उजेडाचा अंदाज आपोआप येत असे. एलईडीच्या बाबतीत ते नाते सुटले आहे, कारण एका वॅटमागे एक दिवा 80 ल्युमेन देतो, तर दुसरा 110 हून अधिक. खोक्यावर तुलनेसाठी छापलेले आकडे ढोबळमानाने असे असतात: 40 वॅटच्या जुन्या बल्बसाठी 470 ल्युमेन, 60 साठी 806, 75 साठी 1055 आणि 100 साठी 1521. मला 75 च्या बल्बइतका उजेड हवा होता आणि मी 60 च्याही तोडीला न पोहोचणारा दिवा घेऊन आलो होतो.

तरीही केवळ ल्युमेन पाहून भागत नाही, कारण तो प्रकाश किती जागेत पसरणार आहे हेही मोजावे लागते. एका चौरस मीटरवर एक ल्युमेन पडला तर तो एक लक्स. माझी खोली सुमारे 12 चौरस मीटरची आहे. दोन दिव्यांचे 2110 ल्युमेन जमिनीवर सारखे पसरले आणि वाटेत काहीही वाया गेले नाही असे मानले, तर सुमारे 176 लक्स मिळतात. प्रत्यक्षात शेड, छत आणि भिंती त्यातला बराच वाटा गिळतात, आणि भिंतींचा रंग गडद असेल तर अधिकच. बसण्या-बोलण्यासाठी 100 लक्सच्या आसपासचा उजेड मला पुरेसा वाटतो. सलग वाचनासाठी मात्र 300 च्या पुढे जावे लागते. तो उजेड छतावरच्या दिव्याकडून मागण्यापेक्षा पुस्तकाजवळ दिवा आणणे शहाणपणाचे, कारण उघड्या दिव्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की पानावर पडणारा उजेड चौथाईवर येतो. म्हणूनच माझ्या टेबलावरचा 5 वॅटचा, 470 ल्युमेनचा छोटा दिवा वाचनाच्या कामात मोठ्या दिव्यांना सहज मागे टाकतो.

स्वयंपाकघरासाठी बैठकीतल्या नव्या दिव्यांच्याच कंपनीचा 13 वॅटचा, 1521 ल्युमेनचा दिवा घेतला आणि तिथे मी पुन्हा चुकलो. दिवा उत्तम आहे, पण तो छताच्या मधोमध असल्याने ओट्याशी उभे राहिले की स्वतःचीच सावली चिरण्याच्या फळीवर पडते. ल्युमेन वाढवून सावली जात नाही. शेवटी कपाटाखाली दिव्यांची एक पट्टी लावावी लागली. हा दोष दिव्याचा नाही, माझ्या आखणीचा आहे.

रंगाविषयी थोडेसे. 2700 केल्व्हिनचा उजेड पिवळसर, 4000 चा पांढरा आणि 6500 चा निळसर असतो. हा आकडा प्रकाशाची छटा सांगतो, त्याचे प्रमाण नाही. निळसर उजेड डोळ्यांना अधिक प्रखर भासतो एवढेच. बैठकीत 2700 घेतल्याचे मला समाधान आहे. स्वयंपाकघरातल्या दिव्याचा रंगदर्शकांक, म्हणजे त्याच्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचे 100 पैकी माप, 90 आहे, त्यामुळे भाजीचा ताजेपणा आणि कपड्यावरचा डाग खऱ्या रंगात दिसतो. 80 च्या दिव्याखाली लाल रंग काहीसा मळकट वाटत असे.

तक्रार एकच आहे. दिवा बंद गोल शेडमध्ये बसवू नये, ही सूचना खोक्याच्या तळाशी छापलेली आहे आणि ती सहज नजरेतून सुटते. कोंडलेली उष्णता एलईडीचे आयुष्य कमी करते, म्हणून ही सूचना पुढच्या बाजूला ठळक अक्षरांत असायला हवी होती.

खोक्यावर 15,000 तासांचे आयुष्य लिहिले आहे. रोज पाच तास वापरल्यास तेवढ्या तासांना आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. मात्र एलईडीचे आयुष्य बहुधा तो विझेपर्यंत मोजत नाहीत, तर मूळ उजेडाच्या 70 टक्क्यांवर येईपर्यंत मोजतात. त्या हिशेबाने हे दिवे तेव्हा सुमारे 740 ल्युमेन देत असतील, म्हणजे माझे आधीचे दिवे नवे असताना देत होते त्याहून किंचित अधिकच. ही घट इतकी सावकाश होते की डोळ्यांना कळत नाही, म्हणून तुलनेसाठी त्याच खेपेतला एक दिवा मी न वापरता खोक्यातच ठेवला आहे.