‘जेवढी चालवाल तेवढा विमा’ : एका वर्षाचा हिशोब

आधीच सांगते, विमा कंपनीचं नाव लिहिणार नाही. पॉलिसी ज्यांनी काढून दिली त्यांना आमच्या सोसायटीत सगळे काका म्हणतात, ते रोज सकाळी फिरायला भेटतात आणि मला फिरायची वेळ बदलायची नाहीये.

मी पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ एका वकिलांच्या ऑफिसात हिशोब बघते. राहायला कोथरूड. १ ऑगस्ट २०२३ ला वनाजची मेट्रो गरवारेच्या पुढे रुबी हॉलपर्यंत गेली आणि त्या आठवड्यापासून माझी कार पार्किंगमध्येच. आनंदनगरला चढायचं, सिव्हिल कोर्टला उतरायचं, संपलं. आधी वर्षाला अकरा हजारांच्या वर किलोमीटर व्हायचे, ते सहा-साडेसहा हजारांवर आले. हप्ता मात्र होता तोच. दुधाचा रतीब अर्धा केला तर दूधवालाही बिल अर्धं करतो, मग विम्याचं काय, हे मी काकांना विचारलं. तेव्हा त्यांनी किलोमीटरची पॉलिसी काढली. विम्यावर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने जुलै २०२२ मध्येच मूळ पॉलिसीला असल्या जोडण्या (ॲड-ऑन) द्यायला परवानगी दिलेली आहे. तोवर ते काही बोलले नव्हते, का ते कळायला सीए व्हायला नको.

प्रकार असा. अडीच, पाच की साडेसात हजार किलोमीटर, ते आधी ठरवायचं. मी साडेसात हजार घेतले. नेहमीच्या पॉलिसीचा आकडा जीएसटीसकट २१,३४० होता, हिचा १७,९१०. फरक ३,४३० रुपयांचा. इथे एक लक्षात घ्या, सूट फक्त ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्यासाठीचा हप्ता सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे, गाडी रोज नाशिकला नेली काय आणि दारात ठेवली काय. तेव्हा ‘हप्ता निम्मा होईल’ असं कुणी सांगितलं तर त्याला थर्ड पार्टीची ओळ दाखवायला सांगा.

पॉलिसी सुरू करताना मीटरचा फोटो काढून ॲपवर चढवायचा. आमच्या बेसमेंटमध्ये काचेवर ट्यूबलाइट चमकते, फोटो दोनदा नापास झाला. शेवटी वॉचमननी काचेवर छत्री धरली तेव्हा पास झाला. आकडा होता २४,११८. म्हणजे माझी लक्ष्मणरेषा ३१,६१८.

आता काकांनी उत्साहाने गळ्यात मारलेला दुसरा भाग, ‘तुम्ही कशी चालवता’ त्याचा स्कोअर. फोनमधलं ॲप बघतं की तुम्ही जोरात ब्रेक मारता का, वळणावर वेग किती, रात्री उशिरा चालवता का, चालवताना फोन हातात घेता का. शंभरपैकी गुण, आणि त्यावर रिन्यूअलला पाच टक्क्यांपर्यंत सूट. शाळेत मला गणितात कायम चांगले मार्क असायचे, त्यामुळे मी हे जरा मनावर घेतलं. पहिल्या महिन्यात ८६.

एका संध्याकाळी धो धो पाऊस होता म्हणून ऑफिसातून रिक्षा केली. रिक्षावाला कर्वे रस्त्यावरून असा काढत होता की मी दांडी धरून बसले होते. नळस्टॉपच्या पुलाखाली तर बसच्या आणि दुभाजकाच्या मधून, मला वाटतं, फक्त श्रद्धेवर गेला. त्यात बहिणीचा फोन, तो मी घेतला. घरी येऊन बघते तर ॲपवर निरोप: आज तुम्ही चार वेळा जोरात ब्रेक मारलात, सहा मिनिटं फोनवर बोलत चालवलंत. गुण ७१! ॲप फोनमध्ये, फोन माझ्या पर्समध्ये, पर्स रिक्षात. चालवणारी कोण आणि मागे बसलेली कोण, हे त्याला ओळखता येत नाही. तीन दिवसांच्या आत ‘मी प्रवासी होते’ असं प्रत्येक फेरीवर आपण टिचकी मारून कळवायचं. मी ते वर्षभर केलं. मेट्रो त्याला निदान ओळखू येते, रुळावरून सरळ जाते म्हणून असेल.

रिक्षाचं मी हसून सोडलं. पुढचं नाही सोडवत.

आमच्या गाडीला ते एडास आहे, चालवणाऱ्याला मदत करणारी यंत्रणा. पुढच्या काचेला आतून, आरशामागे कॅमेरा. लेन सोडली की स्टिअरिंगला हलका झटका, पुढे काही आडवं आलं की गाडी स्वतः ब्रेक मारते. सातारा रस्त्यावर ही गोष्ट सोन्यासारखी आहे. क्रूझ कंट्रोल लावला की पुढच्या ट्रकमागे ठरावीक अंतर राखून जाते, माझा पाय दुखत नाही. पण कोथरूडमध्ये? डावीकडून टू-व्हीलर आडवी घुसली की गाडीला वाटतं आता धडकणार, आणि ती कचकन थांबते. मी नाही, ती. एकदा तर मागच्या कारवाल्याने मला उतरून विचारलं, ‘ताई, बरं वाटत नाहीये का?’ आणि अशा प्रत्येक वेळी ॲपवर माझ्या नावावर ‘जोरात ब्रेक’.

मी हेल्पलाइनला फोन केला. मुलगी गोड होती. म्हणाली, ‘मॅडम, ब्रेक तुम्ही मारला की गाडीने मारला, हे आमच्या सिस्टीमला कळत नाही.’ मी म्हटलं, ‘अहो, पण गाडीने मारला म्हणून तर अपघात टळला, तुमचा क्लेम वाचला.’ त्यावर तिने माझा अभिप्राय नोंदवून घेतला.

शेवटी मी काय केलं असेल? शहरात ते ऑटो ब्रेकिंग सेटिंगमध्ये जाऊन बंद करायला लागले. सुरक्षिततेसाठी गाडीला जास्तीचे पैसे मोजले आणि विम्याच्या गुणांसाठी ती सुरक्षितता बंद. यांनी पाहिलं आणि फार काही बोलले नाहीत, फक्त ‘पाच टक्के म्हणजे किती गं?’ एवढंच विचारलं. ओन डॅमेजवर काढले तर साडेपाचशेच्या आसपास. दुसऱ्या दिवशी चालू केलं.

प्रपोजल फॉर्म पुन्हा काढून वाचला. चोरीविरोधी यंत्राची चौकट त्यात आहे. गाड्यांच्या चाचण्या घेणाऱ्या एआरएआय या संस्थेने मान्य केलेलं यंत्र बसवलं तर अडीच टक्के, जास्तीत जास्त ५०० रुपये सूट, हा जुन्या टॅरिफपासूनचा नियम. गाडी स्वतः ब्रेक मारते का, ही चौकट नाही. एआरएआय आमच्या टेकडीवर आहे, संध्याकाळी चालत जाऊन विचारून यावं असं मनात आलं होतं.

या एडासने विम्याचं गणित दुसरीकडून कसं बिघडवलंय, ते मला नोव्हेंबरमध्ये कळलं. वारज्याच्या पुलाजवळ हायवेवर पुढच्या डंपरमधून खडी उडाली आणि काचेला बरोबर मधोमध तडा. आधीच्या गाडीची अशीच काच गेली होती तेव्हा दोन तासांत नवी बसवून घरी. या वेळी काच २३,८०० ची, आणि खाली वेगळी ओळ: कॅमेरा कॅलिब्रेशन, ७,०८०. मी काउंटरवरच ‘हे काय?’ केलं, तर त्यांनी आत नेऊन दाखवलं. गाडी सपाट फरशीवर उभी, चारही टायरची हवा मोजून सारखी केलेली. समोर स्टँडवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा. एक पोरगा गाडीच्या नाकावरून ओळंबा सोडून टेपने अंतर घेत होता, गवंडी घेतो तसं. काच बदलली की कॅमेऱ्याची नजर बसवायला लागते. तो म्हणाला, इथे एका केसाचा फरक म्हणजे पुढे पन्नास मीटरवर शेजारची लेन. मग रस्त्यावर चालवूनही बघायचं, आणि त्यासाठी पांढरे पट्टे स्वच्छ दिसणारा रस्ता पाहिजे. पुण्यात. तो पोरगा बायपासवरून पार तळेगावच्या बाजूला गेला होता म्हणे, म्हणून गाडी संध्याकाळी मिळाली.

क्लेममध्ये काच पूर्ण मिळाली. काचेवर घसारा धरत नाहीत, फक्त आपल्या खिशातून जाणारे सक्तीचे १,००० रुपये कापले. कॅलिब्रेशन मात्र नामंजूर. ‘ही सेटिंग आहे, नुकसान नाही.’ मी गाडीच्या पुस्तिकेचं पान जोडून तक्रार अधिकाऱ्याला पत्र लिहिलं, की काच बदलल्यावर हे केल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नका असं बनवणाराच सांगतो, मग हा दुरुस्तीचा भाग नाही तर काय? तेवीस दिवसांनी ‘सदिच्छा म्हणून’ निम्मे, ३,५४० आले. पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे, जायला हवं होतं. मार्च अखेर होती, नाही गेले. पण तुमच्या गाडीला असा कॅमेरा असेल तर पॉलिसी घेतानाच कॅलिब्रेशनबद्दल ईमेलवर लेखी विचारा. फोनवर सगळेच ‘हो मॅडम’ म्हणतात.

ब्रिटनने २०१८ मध्ये कायदाच केला, की गाडी स्वतः चालत असताना अपघात झाला तर विमा कंपनीने आधी नुकसानभरपाई द्यायची आणि मग दोष ज्याचा त्याच्याकडून, म्हणजे बनवणाऱ्याकडूनही, वसूल करायची. आपल्याकडे गडकरी साहेबांनी डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात सांगून टाकलं, की चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून बिनचालकाच्या गाड्या येऊ देणार नाही. ठीक आहे, पूर्ण बिनचालकाची नको. पण अर्धीमुर्धी स्वतः चालणारी आमच्या बेसमेंटमध्ये उभी आहे, आणि तिच्या ब्रेकचे गुण माझ्या खात्यातून कापले जातात.

किलोमीटरचा भाग चांगला चालला, हेही लिहायलाच हवं. जूनच्या सुरुवातीला गुहागरला निघालो तेव्हा मीटर ३१,०२०. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, जाऊन-येऊन ५४० तरी होतातच. तिथे मी म्हटलं, वेळणेश्वरला जाऊन येऊ, तर हे म्हणाले, ‘आधी मीटर बघ.’ समुद्रावर येऊन माणूस किलोमीटर मोजतोय! खानावळीत माशाची वाट बघत बसल्या बसल्या मी ॲपवरून ५०० किलोमीटरचा टॉप-अप घेतला, ४१२ रुपये, चार मिनिटांत झालं. मर्यादा ओलांडायच्या आत घ्यावा लागतो, नाहीतर माझ्या पॉलिसीत ओन डॅमेजचा क्लेम मिळत नाही. मग वेळणेश्वरला गेलो. वर्ष संपलं तेव्हा मीटर ३१,७४२. उरलेले ३७६ किलोमीटर पुढच्या वर्षात ओढता येत नाहीत, मोबाइलच्या डेटासारखेच वाया.

ताळेबंद: सूट ३,४३०, वजा टॉप-अप ४१२, हातात ३,०१८. कॅलिब्रेशनचे ३,५४० गेले ते साध्या पॉलिसीतही बहुधा गेलेच असते, म्हणून ते इथे धरत नाही, जरी रात्री आठवतात. क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट म्हणजे एनसीबी; ती जपणारं एनसीबी प्रोटेक्ट घेतलं होतं म्हणून क्लेम करूनही ३५ टक्के टिकले. ते नसतं तर काचेचा क्लेम महागात पडला असता.

किलोमीटरच्या भागाला पाचपैकी चार. स्कोअरला एक, तोही हेल्पलाइनवरच्या मुलीला. या वर्षी काकांकडूनच पुन्हा साडेसात हजार घेतलेत, स्कोअरशिवाय. मीटरचा फोटो या वेळी पहिल्या झटक्यात पास झाला, वॉचमन छत्री घेऊन आधीच उभे होते.