डंकीच्या एजंटाला लगाम: पंजाबसारखा परवाना की दिल्लीचा मसुदा?

५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान हद्दपार केलेल्या १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. हरियाणा आणि गुजरातचे प्रत्येकी ३३, पंजाबचे ३०, महाराष्ट्राचे ३. तिघंच म्हणून आपण निवांत बसायचं, की डंकीने, म्हणजे चोरवाटेने, परदेशात पाठवणाऱ्या एजंटांविरुद्ध कायदा मागायचा? आणि मागायचा तर मुंबईत की दिल्लीत?

आज हाताशी आहे तो केंद्राचा १९८३ चा उत्प्रवासन कायदा. परदेशी नोकरीला माणसं पाठवायची तर एजंटाला नोंदणी सक्तीची. मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड दोन हजार रुपयांपर्यंत. (हो, हजारच.) पण खरी गोम 'नोकरी' या शब्दात आहे. डंकीने जाणारा पोरगा कागदोपत्री पर्यटक असतो. दहावी पास असला तर नोकरीसाठी निघतानाही सरकारची उत्प्रवासन मंजुरी लागत नाही. मानवी तस्करीचं कलम लावावं, तर शोषण सिद्ध करा. हा तर बापाची जमीन विकून राजीखुशीने निघालेला! मग बहुतेकदा फसवणुकीच्या कलमावर भागवतात.

पंजाबने २०१२ च्या कायद्यात थेट दुकानालाच हात घातला. व्हिसा सल्लागार, तिकीटवाला, आयईएलटीएस या इंग्रजी परीक्षेचा क्लास, सगळ्यांना परवाना. मोडला तर तीन ते सात वर्षं कैद. तरीही विमानात ३० पंजाबी होतेच. पैसे रोखीने जातात, पावती नसते, आणि पोरगं पनामाच्या जंगलात अडकलेलं असताना कुठला बाप ठाण्याची पायरी चढेल?

परराष्ट्र मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये हरकतींसाठी मांडलेला विधेयकाचा मसुदा १९८३ च्या कायद्याची जागा घेऊ पाहतो. त्यात नवी परिषद आहे, दंड लाखांत आहे. आखातात निघालेल्या रत्नागिरीच्या वेल्डरला त्याचा उपयोग होईल. भर मात्र पुन्हा रोजगारावरच.

म्हणजे घरात आखाताचा विषय असेल तर दिल्लीकडे बघा. नाक्यावरच्या 'स्टडी, व्हिजिट, वर्क' पाटीची धास्ती असेल तर विधानसभेकडे. मी राज्याचा परवाना आधी मागेन, पण पंजाबची नक्कल नको. पैसे फक्त बँकेतून, आणि तक्रार करणाऱ्या कुटुंबाला आरोपी करायचं नाही, ही दोन कलमं हवीतच.

तोवर नोकरीच्या एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला घेता येणारं शुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी, इतकंच. लाखांची भाषा सुरू झाली की चहा अर्धा टाकून उठा.