एकटं फिरताना स्वतःचे फोटो: सेल्फी स्टिक, ट्रायपॉड की सरळ कुणाला तरी सांगायचं?

स्टिक घेऊ की ट्रायपॉड असं विचारणाऱ्यांना मी आधी एवढंच विचारते की जाताय कुठे, कारण हरिहर गडावर जे चालतं ते गुहागरच्या किनाऱ्यावर चालेलच असं नाही.

सेल्फी स्टिक स्वस्त, हलकी, सॅकच्या बाजूच्या खिशात बसते. पण एवढा गड चढून गेल्यावर फोटोत अर्धी जागा आपला चेहराच खातो आणि बालेकिल्ला मागे कुठेतरी छोटासा दिसतो. शिवाय बऱ्याच फोनचा फ्रंट कॅमेरा मागच्यापेक्षा साधा असतो, संध्याकाळी उजेड कमी झाला की लगेच कळतं. चालता चालता बोलत व्हिडिओ करायचा असेल तर मात्र स्टिकच बरी. आणि प्लीज, हरिहरच्या त्या उभ्या कातळपायऱ्यांवर ती बाहेर काढू नका, तिथे दोन्ही हात खोबणीतच हवेत.

ट्रायपॉडचा फायदा म्हणजे मागचा कॅमेरा वापरता येतो, पूर्ण उंचीचा फोटो येतो, आणि फ्रेम आपल्या मनासारखी लावता येते. सोबत ब्लूटूथ रिमोट घ्या, तो फोनच्या व्हॉल्यूम बटणासारखं काम करतो, त्यामुळे कॅमेरा सेटिंगमध्ये व्हॉल्यूम बटणाने फोटो निघतो ना ते आधी बघा. पण सह्याद्रीतला वारा! स्टिकचाच ट्रायपॉड होतो तो प्रकार पूर्ण उंच केला की झुळकेनेही पडतो, फोनची काच फुटायला तेवढं पुरे. त्यापेक्षा वाकणाऱ्या पायांचा छोटा ट्रायपॉड घ्या, रेलिंगला नाहीतर झाडाच्या फांदीला गुंडाळता येतो. गर्दीत मात्र फोन दहा पावलं लांब ठेवून उभं राहणं मला पटत नाही. आणि अजिंठा, वेरूळ, रायगड अशा केंद्रीय पुरातत्व खात्याच्या जागी ट्रायपॉडला आधी परवानगी लागते, हातात धरून फोटो काढायला अडचण नसते.

आता कुणाला तरी सांगणं, आणि माझ्या मते गर्दीच्या गडावर सगळ्यात चांगले फोटो असेच मिळतात, फक्त सांगायची पद्धत पाहिजे. नुसतं "दादा, एक फोटो काढता का" म्हटलं की पाय कापलेला एकच फोटो मिळतो. त्याऐवजी आधी रिकाम्या जागेचा फोटो तुम्ही काढा, तो त्यांना दाखवा, "इथे उभं राहून अस्साच, मी त्या दगडाजवळ असेन, पाच-सहा काढा" असं सांगा. फॅमिली किंवा कॉलेजचा ग्रुप गाठा, आधी त्यांचा सगळ्यांचा फोटो काढून द्या, मग ते पण मनापासून काढतात. एकटी मुलगी असाल तर बायका-मुलं असलेला ग्रुप बघा, आणि "एकटीच आलात का" ला खरं उत्तर दिलंच पाहिजे असं काही नाही. अडचण एकच, आडवारी एखाद्या आडबाजूच्या गडावर विचारायला माणूसच नसतं.

अशा वेळी काहीही विकत न घेता होणारा उपाय म्हणजे फोन दगडाला टेकवायचा, 4के व्हिडिओ चालू करायचा, निवांत चालायचं, बसायचं, मागे वळायचं आणि नंतर त्यातली चांगली फ्रेम उचलायची. 4के ची एक फ्रेम साधारण 8 मेगापिक्सेलची असते, फुल एचडीची जेमतेम 2, म्हणून सेटिंग आधी बदला. टायमरच्या 10 सेकंदात पळत जाऊन घेतलेल्या पोझपेक्षा हे कितीतरी नैसर्गिक दिसतं. उजेड कमी असेल तर फ्रेम हलल्यासारखी येते, तेव्हा टायमरच लावा.

ड्रोन आणि अ‍ॅक्शन कॅमेरा नुसत्या स्वतःच्या फोटोंसाठी घेऊ नका, तेवढ्या पैशात दोन ट्रिपा होतात.

म्हणून पहिल्या ट्रिपला काहीच घेऊ नका, माणसांना सांगा आणि व्हिडिओची युक्ती वापरा. त्यानंतरही किनाऱ्यावर, होमस्टेच्या अंगणात निवांत फोटो हवेत असं वाटलं तर छोटा ट्रायपॉड आणि रिमोट घ्या, स्टिक फक्त व्लॉगवाल्यांनी. आणि कुठल्याही पद्धतीने काढलेले असोत, फोटो त्या गावातून निघाल्यावरच टाका, तुम्ही आत्ता कुठे एकटे आहात ते सगळ्यांना कळायची गरज नाही.