एनए मियाटात मोठं इंजिन: माझदाचं १.८ की होंडाचं के२४?

मियाटा म्हणजे माझदाची लहान दोन आसनी स्पोर्ट्स गाडी, आणि एनए ही तिची पहिली पिढी. १९९० ते ९३ सालच्या मियाटाचं १.६ लिटरचं इंजिन थकलं, तेल पिऊ लागलं, की शर्यतीच्या टीममध्ये एकच वाद सुरू होतो. उतरवतोच आहोत तर परत तेच कशाला बसवायचं? त्यातही १९९० किंवा ९१च्या सुरुवातीची गाडी असेल तर क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते पुढचं टोक, आखूड असतं. पुढच्या पुलीची चावी आपली खाच खाऊन टाकते आणि टायमिंग सरकतं. अशा इंजिनवर पुन्हा पैसे घालू नयेत, याबद्दल दुमत नसावं. प्रश्न एवढाच की त्या जागी काय बसवायचं.

अमेरिकेतल्या लेमन्स किंवा चॅम्पकारसारख्या स्वस्त एन्ड्युरन्स, म्हणजे तासन् तास चालणाऱ्या, शर्यतींत सध्या दोन रस्ते दिसतात. एक माझदाचंच बीपी, म्हणजे १.८ लिटरचं इंजिन. दुसरा होंडाचं २.४ लिटरचं के२४. दोन्ही बसतात, दोन्ही धावतात. कागदावर तर के२४ कितीतरी पुढे आहे. २००४ ते ०८च्या ॲक्युरा टीएसएक्समधलं इंजिन दोनशे अश्वशक्तीचं, आणि १९९४चं १.८ जेमतेम १२८चं. के२४चा ब्लॉक ॲल्युमिनियमचा असल्यामुळे गाडीचं नाक जड होण्याची भीतीही फारशी नाही. बेल्टऐवजी चेन. हे सगळं खरं आहे.

आधी १.८ बद्दल, कारण त्यात बारकावे जास्त आहेत. १९९४-९५चं इंजिन मिळालं तर सगळ्यात बरं. त्याचा क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर १.६ सारखाच हेडच्या मागच्या टोकाला असतो, त्यामुळे वायरिंगची फारशी ओढाताण होत नाही. १९९९पासूनचं हेड श्वास जास्त चांगला घेतं, १४० अश्वशक्ती देतं, पण त्याचे क्रँक आणि कॅम सेन्सर वेगळे. तिथे जुना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, चालत नाही, मेगास्क्वर्टसारखा स्वतंत्र ईसीयू लागतो. टीममध्ये लॅपटॉप घेऊन बसणारं कोणी नसेल तर ९४-९५वरच थांबावं. शक्य असेल तर इंजिन, वायरिंग, ईसीयू आणि हवा मोजणारा सेन्सर एकाच गाडीतून उचलावा. १.६चा पडदेवाला हवामापक ठेवला तरी गाडी चालते, पण पूर्ण थ्रॉटलवर तो पडदा शेवटाला टेकतो आणि त्यापुढची हवा ईसीयूला कळतच नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून हवा-पेट्रोलचं मिश्रण तपासल्याशिवाय शर्यतीला उभं राहू नये.

क्लचचं कोडं सोपं आहे. १.६चा क्लच २०० मिलिमीटरचा, १.८चा २१५चा. फ्लायव्हील आणि क्लच दोन्ही १.८चेच घ्यावेत, ते १.६च्या गिअरबॉक्समध्ये व्यवस्थित बसतात. इंजिन बाहेर आहे तोवर क्रँकचं मागचं सील, पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग नवीन टाकावं. जुन्या गाडीचा सहा इंची डिफरेन्शियल मात्र ठेवू नये. तो १.६लाच कसाबसा पुरतो. १.८चा सात इंची डिफरेन्शियल, त्याच्या ॲक्सल आणि प्रोपेलर शाफ्टसकट, एकाच वेळी घ्यावा. सुटे भाग नंतर जुळवत बसलं की दुप्पट खर्च होतो. ९४ ते ९७च्या गाडीत ४.१चं गुणोत्तर येतं, त्यामुळे सरळ पट्ट्यावर इंजिनाचे फेरे थोडे कमी राहतात. लांब शर्यतीत ते फायद्याचंच. पुढचे ब्रेकही १.८चे, २५५ मिलिमीटरचे, त्याच गाडीतून मिळतात.

एक काम मात्र इंजिन बाहेर असतानाच करायचं. बीपी मुळात पुढची चाकं चालवणाऱ्या गाड्यांसाठी आखलेलं इंजिन. त्यात कूलंट हेडच्या मागून बाहेर पडायचं. मियाटात ते तोंड पुढे आणलं आणि मागच्या सिलिंडरांकडे पाणी कमी फिरू लागलं. रस्त्यावर त्याचा त्रास जाणवत नाही. तासन् तास पूर्ण थ्रॉटलवर चौथ्या सिलिंडरची हेड गॅस्केट त्याची किंमत मोजते. म्हणून थर्मोस्टॅट मागे नेऊन पाण्याची वाट बदलावी. इंजिन एकदा आत बसलं की हेड आणि फायरवॉल यांच्यामधल्या त्या फटीत पाना फिरवायला हातच जात नाही. हेडमागच्या त्या सेन्सरची ओ-रिंगही त्याच कोपऱ्यात असते. ती गळली की तेल थेट हीटरच्या होजवर पडतं आणि रबर फुगतं. दोन्ही कामं स्टँडवर अर्ध्या दिवसात होतात.

के२४ बद्दल थोडक्यात. इंजिन भंगारात स्वस्तात मिळतं, पण गाडीत आडवं बसायला बनवलेलं असल्यामुळे ते गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवायला वेगळा सम्प (तेलाचं खालचं भांडं), गिअरबॉक्सशी जोडणारी ॲडॅप्टर प्लेट, वेगळा एक्झॉस्ट हेडर, माउंट, वायरिंग आणि ईसीयू हे सगळं लागतं. किटचा खर्च काही हजार डॉलरच्या घरात जातो. लेमन्सची गाडी कागदोपत्री पाचशे डॉलरची. सुरक्षेची साधनं, चाकं, टायर आणि ब्रेक त्यात धरत नाहीत, पण इंजिन धरतात. बोनेट उघडल्यावर परीक्षकांना होंडाचं झाकण दिसलं की दंडाचे लॅप ठरलेलेच. चॅम्पकारमध्येही मोठ्या इंजिनामुळे गाडीचे गुण वाढतात, आणि ते ५००च्या वर गेले की तिथेही दंडाचे लॅप. शिवाय रात्री दोन वाजता ॲडॅप्टरचा एखादा खास भाग तुटला तर तो कुठल्याच दुकानात मिळत नाही. १.८चा वॉटर पंप सकाळी गावातल्या ऑटो पार्ट्सच्या दुकानातून आणता येतो.

इथवर दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. माझं मत ज्या गोष्टीने फिरवलं, ती पॉवरच्या चर्चेत कोणी काढतच नाही. ती म्हणजे टाकी.

१.६ मियाटाची टाकी ४५ लिटरची. सगळं पेट्रोल पंपापर्यंत पोचत नाही. पाव टाकीच्या आसपास आलं की लांब वळणात ते एका कडेला चढतं, पंपाचं तोंड उघडं पडतं, आणि वळणातून बाहेर पडताना गाडी मिसिंग मारते. एक झटका, मग पुन्हा व्यवस्थित. पुढच्या लॅपला त्याच जागी दोन झटके. चालकाला वाटतं कॉइल गेली, तो पिटमध्ये येतो, सगळे प्लगच्या वायरी हलवत बसतात. टाकीत मात्र अजून अकरा लिटर असतात. थोडक्यात, हाताशी येतं ते चौतीसच लिटर.

आता हिशोब करा. अशा इंजिनाला दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण अर्धा पौंड पेट्रोल लागतं. वळणं, ब्रेकिंग आणि गर्दी धरून सरासरी ताकद काढली तर १.८ ताशी बावीस लिटरच्या आसपास पितं आणि के२४ तीसच्या. चौतीस लिटरमध्ये १.८ दीड तास चालतं, के२४ एक तास आठ-दहा मिनिटं. लेमन्सच्या दोन दिवसांच्या, चौदा तासांच्या शर्यतीत के२४ला तीन-चार थांबे जास्त पडतात. पिटमध्ये येणं-जाणं धरून थांबा सात मिनिटांचा म्हटला तरी एकवीस ते अठ्ठावीस मिनिटं गेली. दोन मिनिटांच्या लॅपमागे के२४ने तीन सेकंद मिळवले, तर चौदा तासांत वाचतात एकवीस मिनिटं. म्हणजे हजारो डॉलर, दंडाचे लॅप आणि ॲडॅप्टरची काळजी घेऊन माणूस फार तर जिथल्या तिथे राहतो. वर ब्रेक पॅड आणि मागचे टायर जास्त खर्ची पडतात.

टाकीवर इलाज आहेत. लहान सर्ज टँक (पंपाचं तोंड कायम बुडलेलं ठेवणारी जोडटाकी) आणि दुसरा पंप बसवून तळातलं पेट्रोल वापरता येतं, पण नवीन जोडणी म्हणजे गळतीची नवीन जागा, आणि तपासणीलाही जास्त तोंड द्यावं लागतं. फ्युएल सेल, म्हणजे शर्यतीसाठीची खास सुरक्षित टाकी, त्याहून महाग. मूळ टाकी मूळ जागी ठेवणं मला तरी बरं वाटतं.

के२४ची बाजू घ्यायचीच तर रोड अमेरिकासारख्या साडेसहा किलोमीटरच्या, लांबलचक पट्ट्यांच्या ट्रॅकवर घ्यावी. तिथे तीनाचे सहा सेकंद होऊ शकतात, आणि हिशोब बदलतो. टीमकडे वेल्डिंग आणि ट्यूनिंग करणारी माणसं असतील, वर्ग आणि दंडाची पर्वा नसेल, तर ते इंजिन आनंद देईल यात शंका नाही. उलट सगळे चालक नवखे असतील आणि १.६ लांब नाकाचं, धडधाकट असेल, तर पहिली शर्यत तेच ठेवून करावी.

१.८ बसवलं तर टाकीची मर्यादा एकदा सरावाच्या दिवशी मोजून ठेवा. रिकाम्या टाकीत बरोबर वीस लिटर घाला, मिसिंग सुरू होईपर्यंत चालवा, मग उरलेलं पेट्रोल पंपाने कॅनमध्ये काढून मोजा. तो आकडा आणि दर लॅपचा खप डॅशबोर्डवर टेपने चिकटवा. काट्यावर विसंबू नका, तो वळणात हलतो. इंजिन ६५००च्या पुढे नेऊ नका, तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा अर्धा लिटर जास्त ठेवा, आणि दर थांब्याला डिपस्टिक काढून बघा.