बोंबील उत्तम, धुराची खोली त्याहून उत्तम

कर्वे रस्त्यावरून आत वळणाऱ्या एका गल्लीत ही परमिट रूम आहे. नाव लिहीत नाही. एक तर शनिवारी आत्ताच टेबल मिळत नाही, आणि खाली थोड्या तक्रारीही आहेत. मी सिगारेट ओढतो, तेव्हा हा रिव्ह्यू एका ओढणाऱ्याचा आहे हे धरूनच वाचा.

आधी खाणं. बोंबील फ्राय मागवाच. दाबून पाणी काढलेला, मधला काटा काढून चपटा केलेला, वरचा रवा कुरकुरीत आणि आत अजून लुसलुशीत. पुण्यात बहुतेक ठिकाणी बोंबलाचा पापड करून ठेवतात, इथे तो मासा राहतो. सुरमईचा भरवसा नाही. कधी बोटभर जाड तुकडा येतो, कधी कागद. भाकरी तांदळाची, तव्यावरून थेट ताटात. सोलकढीत लसूण जरा जास्तच, पण ते माझं मत. बायकोला तशीच आवडते.

बायको इथे येते हीच या जागेची खरी पावती. ती पीत नाही, ओढत नाही, पण मासे म्हटलं की माझ्या आधी चपला घालून तयार. पूर्वी परमिट रूममध्ये यायला ती साफ नकार द्यायची. "अहो, ओढणीचा वास दोन धुण्यांनी जात नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नसायचं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ती सिगारेट ओढायची खोली. हॉलच्या मागच्या कोपऱ्यात, मोरीकडे जाणाऱ्या बोळाच्या बाजूला, छतापर्यंत चारही भिंती असलेली. लिफ्टपेक्षा थोडी मोठी. दार आपोआप बंद होतं. आत खुर्ची नाही, टीव्ही नाही, भिंतीला एक फळी आणि वाळूची परात. पंखा असा घरघरतो की फोनवर बोलता येत नाही. मी एकदा दाराच्या फटीशी टिश्यू पेपर धरून पाहिला, तो आतल्या बाजूला ओढला गेला. म्हणजे हॉलमधली हवा आत जाते आणि धूर थेट इमारतीबाहेर. नियमात हेच लिहिलंय, पण कुणी प्रत्यक्षात केलेलं मी पुण्यात फारसं पाहिलेलं नाही.

आणि आत काहीही मिळत नाही. बिअरचा ग्लास घेऊन मी दारापाशी गेलो आणि मुलाला म्हटलं, चखणा आतच आण. तो हसला आणि कॅप्टनला बोलावून आला. कॅप्टन म्हणाला, "साहेब, आत सर्व्हिस नाही. आमचा पोरगा आत येणार नाही. तुम्ही ओढून या, टेबल तुमचंच आहे." माचिस मागितली तर तीही नाही. समोरच्या टपरीवरून आणावी लागली. टपरीवाल्याने सुट्टी सिगारेटही दिली. सुट्ट्या विक्रीवर राज्यात 2020 पासून बंदी आहे म्हणे, पण टपरीवर हा विषय काढायचा नसतो.

सोबतचा मित्र जाम भडकला. कॉलेजपासूनचा मित्र, त्यामुळे आवाज चढला तरी चालतं. "अरे, पैसे माझे, फुप्फुसं माझी, ज्याला त्रास होतो त्याने दुसरीकडे जावं. हा काय पिंजरा आहे?" गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकतं, हे त्याचं मला पटतं. बायको कितीतरी वर्षं दुसरीकडेच जात होती. पण जो पोरगा दुपारी अकराला येतो आणि रात्री साडेबाराला टेबलं पुसून निघतो, तो कुठे जाणार? मालकाच्या, गिऱ्हाइकाच्या, सरकारच्या हक्कांवर आम्ही दोन बिअर होईपर्यंत भांडलो आणि या भांडणात त्या पोराचं नाव मित्राने एकदाही घेतलं नाही. मलाही सुचलं ते कॅप्टनने दार अडवल्यावरच.

तुलनेसाठी दुसरी एक जागा सांगतो, तिचंही नाव नको. गच्चीवरचं रेस्टॉरंट, वर पत्रा, पावसाळ्यात तीन बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे सोडलेले. हे सगळं 'ओपन एअर' म्हणून चालतं. प्रत्येक टेबलावर पाण्याचा कप ठेवलेला असतो, थोटकं विझवायला, कारण ॲशट्रे ठेवली तर पकडले जातील. वेटर त्या धुरातून ट्रे घेऊन फिरतो आणि नाकावर रुमाल बांधता येत नाही, कारण मॅनेजर म्हणतो बरं दिसत नाही. तिथे मी स्वतः मनसोक्त ओढली आहे. मजा आली होती, खोटं कशाला बोलू. पण गच्ची, कापडी सजावट आणि निखारे एकत्र आले की मला मुंबईची कमला मिल आठवते. 29 डिसेंबर 2017 च्या पहाटे, नेमकं सांगायचं तर मध्यरात्र उलटल्यावर, गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जण गेले. अग्निशमन दलाच्या चौकशीत हुक्क्याच्या निखाऱ्यांकडे बोट दाखवलं गेलं, आणि 2018 मध्ये राज्याने हुक्का पार्लर बंद केले.

कायद्याबद्दल माझं एक भांडण मात्र आहे. काँग्रेसचे नेते मुरली देवरा यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने 2001 मध्ये सार्वजनिक ठिकाणी ओढायला मनाई केली, 2003 च्या तंबाखूविरोधी कायद्यात रेस्टॉरंटही आलं आणि 2 ऑक्टोबर 2008 पासून नियम कडक झाले. इथवर ठीक. पण स्वतंत्र खोलीची सवलत कुणाला? ज्याच्याकडे तीस किंवा जास्त माणसं बसतात त्याला. हॉटेल असेल तर तीस खोल्या हव्यात. म्हणजे सहा टेबलांच्या छोट्या खाणावळीवाल्याला हा पर्यायच नाही, आणि ज्याच्याकडे जागा आणि पंख्याचे पैसे आहेत तो माझ्यासारख्याला ओढून घेतो. ओढणाऱ्याचं स्वातंत्र्य मालकाच्या चौरस फुटांवर का मोजायचं? एक तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. सिगारेट ओढत असूनही मला दुसरं जास्त पटतं. गिऱ्हाइकाला दंड किती, तर दोनशे रुपयांपर्यंत. इथे बोंबलाची प्लेट त्याहून महाग आहे.

तक्रारी. खोली मोरीच्या बोळात आहे, त्यामुळे बायकांना तिकडे जाताना आपल्या घोळक्यातून वाट काढावी लागते. आमचेच लोक दार धरून उभे राहतात, मग पंख्याने काय करावं? मालकाने दारावर 'दार धरू नका' असं ठसठशीत लिहायला हवं. खोलीत पावसाळ्यात ओल येते आणि परातीतली वाळू रोज बदलत नाहीत. बिलात सर्व्हिस चार्ज लावतात, सांगितलं की निमूट काढतात.

पार्किंग नाही, दुचाकीनेच जा. बोंबील साडेनऊनंतर संपतो, टेबल मिळताच ऑर्डर द्या. जीपे चालतं. पाचपैकी चार, एक कापला तो सुरमईसाठी.