‘नेट चालतंय ना?’ : अभ्यासिकेचं वायफाय वाढवताना झालेली फसवणूक

सदाशिव पेठेत माझी अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली सकाळी सहाला येतात ती रात्री अकरालाच उठतात. पहिल्या मजल्यावर साठ जागा होत्या. दिवाळीनंतर वरचा मजला भाड्याने मिळाला, आणखी पंचेचाळीस जागा वाढल्या आणि वायफाय वर न्यायची वेळ आली. त्या कामात माझे बेचाळीस हजार रुपये गेले. पैसे गेल्याचं दुःख आहेच, पण अडीच महिने या मुलांची कागदपत्रं वरच्या मजल्यावरच्या कोणालाही उघडता येतील अशी पडून होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता, हे जास्त लागलं.

खालचं काम एका जाणकार मित्राने करून दिलं होतं. एकाच वायरवर तीन वेगळी नेटवर्कं: ऑफिसचं १० क्रमांकाचं, मुलांचं २०, कॅमेऱ्यांचं ३०. याला व्हीलॅन म्हणतात. वायर एकच असली तरी त्यातून जाणाऱ्या माहितीला आपापल्या नेटवर्कचा क्रमांक चिकटवलेला असतो आणि स्विच, म्हणजे सगळ्या वायरी जिथे जोडतात ती पेटी, तो बघूनच माहिती पुढे सोडतो. त्यामुळे मुलांच्या वायफायवरून ऑफिसचा संगणक दिसत नव्हता. त्यात प्रवेशअर्ज, फोटो, आधारच्या प्रती, फीचं रजिस्टर असतं. नवीन ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारं यंत्र, लावायचा तर हे क्रमांक त्याच्यापर्यंत पोचले पाहिजेत, म्हणजे स्विचच्या ज्या पोर्टमधून (वायर लावायच्या खाचेतून) वायर वर जाते त्या पोर्टची सेटिंग बदलावी लागते. तंत्रज्ञ त्याला ट्रंक पोर्ट म्हणतात.

मित्र बदली होऊन नाशिकला गेला होता, म्हणून ओळखीतून एकाला बोलावलं. त्याचा अंदाज अठ्ठावन्न हजारांचा: खालच्यासारखेच तीन ॲक्सेस पॉइंट, त्यांना केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच आणि तांब्याची कॅट-सिक्स केबल. बेचाळीस हजार आगाऊ दिले. दोन माणसांनी एका दिवसात काम उरकलं. संध्याकाळी त्याने माझ्याच फोनवर स्पीड टेस्ट लावली, नव्वदचा आकडा दाखवला आणि म्हणाला, “बघा, नेट चालतंय ना?” चालत होतं. मुलांच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड त्याने माझ्याकडून घेतला होता, पण स्विचचं लॉगिन एकदाही मागितलं नव्हतं. ते न घेता ट्रंक पोर्ट होऊच शकत नाही. हे मला तेव्हा उमजलं नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी ऑफिसच्या प्रिंटरमधून आपोआप कागद बाहेर पडायला लागले. चालू घडामोडींच्या नोट्स, बारा पानं. मी चक्रावलो. थोड्या वेळाने वरच्या मजल्यावरचा एक मुलगा खाली आला. “काका, चुकून प्रिंट दाबलं गेलं. प्रिंटर यादीत दिसत होता.” मग जरा थांबून, हळू आवाजात म्हणाला, “अजून एक फोल्डरपण दिसतंय. ॲडमिशन नावाचं.”

त्या फोल्डरला पासवर्ड नव्हता. ऑफिसचं नेटवर्क वेगळं आहे या भरवशावर मी तो कधी लावलाच नव्हता.

त्याच रात्री मित्राला फोन केला. तो म्हणाला, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कने फोनला दिलेला क्रमांक, बघ. खालच्या मजल्यावर तो १९२.१६८.२० ने सुरू होत होता. जिना चढून वर गेलो. वायफायचं नाव तेच, पासवर्ड तोच, पत्ता मात्र १९२.१६८.१०. म्हणजे मुलं थेट ऑफिसच्या नेटवर्कमध्ये बसली होती. नाव ही नुसती पाटी असते. कोणत्या खोलीवर ती लावली आहे हे आयपी पत्त्यावरून कळतं.

रविवारी मित्र आला आणि आम्ही फॉल्स सीलिंग उघडलं. आत घरगुती वापराचे तीन जुने राउटर, प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर, आणि साधा आठ पोर्टचा स्विच. पीओईचा पत्ता नाही. खालच्या स्विचमधला जो रिकामा पोर्ट सापडला त्यात त्या माणसाने वायर खुपसली होती, आणि आमचे सगळे रिकामे पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेले होते. वेगळेपणा म्हणून राउटरची ‘गेस्ट’ सोय चालू केली होती, पण असे अनेक घरगुती राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून लावले की ती सोय काही अडवत नाही. केबलची तार ब्लेडने खरवडली तर तांब्याच्या मुलाम्याखाली पांढरं ॲल्युमिनियम निघालं.

त्या माणसाला फोन केला तर उत्तर तेच, नेट चालतंय ना? बिल मागितलं तर म्हणाला, ते दिलंय. माझ्याकडे होता तो हाताने लिहिलेला अंदाजाचा कागद. त्यावर मॉडेल नाही, सिरियल नंबर नाही, जीएसटी क्रमांक नाही. वर त्याने मलाच ऐकवलं की धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहक नाही. हे खोटं आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ग्राहकच मानतो आणि तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. मी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आणि सीलिंगमधले फोटो एवढाच माझा पुरावा आहे.

कोणी असं काम करून घेणार असेल तर कृपा करून एवढं करा. कोटेशनमध्ये मॉडेल लिहून घ्या आणि कोणकोणती नेटवर्कं प्रत्येक ॲक्सेस पॉइंटपर्यंत वेगळी पोचणार तेही लिहून घ्या. शेवटचा हप्ता देण्याआधी नव्या मजल्यावर पाहुण्यांच्या वायफायला फोन जोडा, आयपी पत्ता बघा आणि ऑफिसच्या प्रिंटरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाका. त्याचं पान उघडलं तर एक रुपयाही देऊ नका. स्पीड टेस्टवर जाऊ नका, नेटवर्कं वेगळी आहेत की नाहीत हे ती सांगत नाही.

आता फोल्डरला पासवर्ड आहे आणि आधारची प्रत घ्यायचीच असेल तर शेवटचे चार अंकच दिसणारी घेतो. काम नव्याने करून झाल्यावर सगळ्या मुलांना बोलावून काय घडलं ते सांगितलं आणि माफी मागितली. परभणीहून आलेल्या एका मुलीने विचारलं, “काका, माझं आधार कोणी उघडलं होतं का, हे कळेल?” फाइल कोणी उघडली याची नोंद आमच्या संगणकावर ठेवलीच जात नव्हती. मी तिला तेच सांगितलं.